शंभरात एकही नाही

शंभरावी कैरी हातातून सोडली आणि विष्णुपंत स्टुलावर तसेच उभे राहिले. पूर्वेच्या पंचवीस, दक्षिणेच्या पंचवीस, मग पश्चिमेच्या, मग उत्तरेच्या. प्रत्येक कैरी न तोडता हलकेच उलटी करायची, तिचं टोक बघायचं आणि टोक काळं असलं तर वहीत एक उभी रेघ मारायची, असं हे काम. तीन वर्षं एप्रिल लागला की ते हेच करत आले होते. आज वहीत एकही रेघ नव्हती. आपली तंद्री लागली असेल असं वाटून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शंभर कैऱ्या बघितल्या. टोकं हिरवीगार, गुळगुळीत, बोट फिरवलं तरी कुठं खरखर नाही. परसातलं हे झाड एवढे दिवस यादीत नव्हतं. वीटभट्टीच्या पूर्वेचीच झाडं का मोजली, पश्चिमेची का नाही, असा शेरा वरच्या साहेबांनी मारला, म्हणून ते एक्केचाळिसावं म्हणून यादीत आलं आणि पहिल्याच दिवशी त्यानं विष्णुपंतांना तोंडघशी पाडलं. ते स्टुलावरून उतरले आणि धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. याचा अर्थ त्यांना ताबडतोब कळला होता, फक्त तो कळून घ्यायचा नव्हता. धूर इथं येत नव्हता. आणि धूर इथं येत नसेल, तर मग आपली बायको, शामला, माहेरी कशामुळं गेली?

उस्मानाबादेत तेव्हा जिकडंतिकडं बांधकामं निघाली होती. आधी निजाम गेला, मग हैदराबाद राज्य गेलं, मग मुंबई राज्यही गेलं आणि प्रत्येक नव्या सरकाराला नव्या कचेऱ्या लागत होत्या. कचेऱ्यांना विटा लागत होत्या. विटा मल्लिनाथ भाजत होता, बार्शीच्या रस्त्याला, गावाच्या कडेला, येडशी स्टेशनावरून आणलेल्या कोळशाच्या भुग्यावर. भट्टीच्या पूर्वेला हिंमतरावांची आमराई होती आणि पश्चिमेला चारशे पावलांवर विष्णुपंतांचं भाड्याचं घर. आमराईतल्या कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या की त्यांची टोकं पिवळी पडायची, मग तपकिरी, मग काळी, आणि पाडाला यायच्या आत निम्मा माल खाली. हिंमतरावांनी अर्ज केला, मल्लिनाथानं झाडांना रोग आहे म्हणून सांगितलं आणि शेतकी खात्यानं ते भिजत घोंगडं विष्णुपंतांच्या गळ्यात टाकलं. खात्याकडं हवा मोजायचं कसलंही यंत्र नव्हतं. विष्णुपंतांनी चाळीस झाडांवर चुन्यानं आकडे घातले, भट्टीपासून प्रत्येक झाडापर्यंत पावलं मोजली आणि कैऱ्या बघायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत शंभरात बासष्ट काळ्या, पाचव्या ओळीत एकतीस, अगदी पलीकडच्या बांधाला तीन. भट्टी महिनाभर बंद राहिली त्या साली पहिल्या ओळीतसुद्धा एखादीच. असा स्वच्छ हिशोब उभ्या नोकरीत त्यांच्या हाती लागला नव्हता. आमराईचा राखणदार धोंडीबा त्यांच्या मागं मागं फिरायचा. "सायेब," तो एकदा म्हणाला, "त्यो मल्लिनाथ एक सांगतो, आमचं मालक दुसरं सांगत्यात. झाडाला इचारलं ते बेस केलं तुमी. झाड लबाड बोलत न्हाय." विष्णुपंतांना हे वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते त्याच आठवड्यात शामलेला पत्रात कळवलं. शामलेच्या उत्तरात परंड्याची हवा, तिच्या भाऊंची सर्दी आणि ती शिकवायची त्या बालवाडीतल्या मुली होत्या, धोंडीबाच्या वाक्याबद्दल काही नव्हतं.

शामलेला दमा होता. लग्न होऊन ती तुळजापूरच्या घरात आली तेव्हाही होता, पण तिथं घरात दहा माणसं, कुणाचं कुणाकडं लक्ष नाही. ती दोन दिवस धापा टाकायची, काढा घ्यायची आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाला लागायची. विष्णुपंतांची उस्मानाबादेला बदली झाली आणि दोघांचंच घर झालं. मूलबाळ झालं नाही. गावात जागा मिळत असताना त्यांनी मुद्दाम हे कडेचं घर घेतलं, मोकळी हवा म्हणून, मागं आंबा आहे म्हणून. दोन वर्षांत शेजारी भट्टी उभी राहिली आणि त्याच हिवाळ्यात शामलेचा दमा वाढला. विष्णुपंतांच्या जिवाची उलघाल व्हायची. ती चुलीपुढं बसली की ते उंबऱ्यावर बसायचे आणि तिच्या खांद्यांकडं बघत राहायचे. खांदे वर जायचे, खाली यायचे. मनगटावरचं घड्याळ अडकित्त्यापाशी काढून ठेवायचे आणि मिनिटाला किती ते मोजायचे. चोवीस. अठ्ठावीस. एकदा चौतीस. खिशातल्या वहीत, झाडांची यादी जिथं संपायची त्याच पानावर खाली, ते हे आकडे टिपून ठेवायचे, मात्र उर्दूत. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या अमलात उर्दूतून झालेलं. वहीत शीन अक्षर काढलं, पुढं आकडा घातला, की झालं. शामलेला उर्दू येत नव्हतं, ती घाबरायला नको, एवढाच त्यात हेतू. आकडे साचत गेले तसं त्यांच्या नजरेसमोर सगळं जुळत गेलं: भट्टी पेटलेली असते तेव्हा आमराईत कैऱ्या काळ्या पडतात आणि भट्टी पेटलेली असते तेव्हाच शामलेचा श्वास वाढतो. पावसाळ्यात भट्टी बंद. पावसाळ्यात ते स्वतः फिरतीवर, महिन्यातले वीस दिवस लोहारा भागात. तेव्हाचे आकडे वहीत नव्हतेच. त्या कोऱ्या जागेकडं त्यांचं कधी लक्ष गेलं नाही. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, धूर. तुळजापूरला सांगितलं, धूर. संक्रांतीनंतर भाऊ तिला परंड्याला न्यायला आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं आणि शामलेनं ट्रंकेचं कुलूप लावता लावता नुसती मान हलवली.

त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. एकट्या माणसाचं घर कसं असतं ते विष्णुपंतांना माहीत झालं होतं. दुपारचं ताट झाकून ठेवलेलं नसतं आणि संध्याकाळी दाराची कडी बाहेरून आपणच काढायची असते. तिची आठवण त्यांना कुठंही गाठायची. कचेरीत कुणी सुपारी कातरली की तिच्या बांगड्या आठवायच्या; का, ते सांगता आलं नसतं. गव्हातले खडे निवडताना ती एक पाय लांब करून बसायची आणि त्या पायाचा अंगठा आपल्याच तालात हलत असायचा. तिला त्याचा पत्ता नसायचा. हा अंगठा त्यांना इतका आठवायचा, की भर कचेरीत ते उगाच फाईल उघडून बसायचे. त्यांना ती हवी होती. दुसरं काही नको होतं. दोनचार महिन्यांनी ते परंड्याला जाऊन यायचे, पाहुण्यासारखे ओसरीवर बसायचे, जावयाचा पाहुणचार घ्यायचे आणि परत यायचे. मग पुन्हा वही, पुन्हा झाडं. भट्टी हलली की ती येईल, भट्टी हलवायची तर अहवाल पक्का हवा, अहवाल पक्का हवा तर एकही कैरी चुकता कामा नये. खात्यात त्यांना लोक हसायचे, हिंमतरावांनी पंतांना आंबे चारले म्हणायचे. त्यांना कुठं ठाऊक होतं, की हा माणूस आमराईत आपली बायको शोधतोय! फाल्गुनात वरून कळलं, की पावसाळ्यानंतर भट्टी हलणार, जवळजवळ ठरल्यात जमा आहे. त्याच दिवशी त्यांनी पत्र टाकलं: दिवाळीला तू आपल्या घरी. त्या पत्राला महिना होऊन गेला तरी उत्तर नव्हतं.

"काय वो पंत, हापिस न्हाय का आज?" कुंपणापलीकडून इरम्मानं विचारलं. शेजारची ही म्हातारी बाजेवर जुनं लुगडं पसरून कुरडया वाळत घालत होती. विष्णुपंत दगडावरून उठले. कुंपणापाशी गेले. कुरडया पांढऱ्याशुभ्र होत्या. त्यांनी कितीतरी वेळ त्या कुरडयांकडं बघितलं.

"इरम्मा, यांच्यावर काजळी नाही बसत? भट्टीची?"

"ह्या अंगाला कुठनं बसंल?" इरम्मा हसली. "उन्हाळ्यात वारं तिकडं पळतंय, आमराईकडं. हिवाळ्यात बी धूर सरळ वर जातोय. भट्टी आली तवापासनं घालतीया की मी कुरडया. एक डाग न्हाय बगा."

"मग हिला काय होत होतं?"

इरम्मानं हातातला साचा खाली ठेवला. तिला प्रश्न कळला होता आणि उत्तर द्यावं की नाही हे ती ठरवत होती. "दमा व्हता की," ती म्हणाली. "दम्याला काय, येतोय जातोय. पर खरं सांगू का पंत, राग धरू नगा. तुमी हापिसला गेला की बरी असायची ती. हितं येऊन बसायची माझ्यापाशी. गाणी म्हणायची की लई. कधी धाप लागल्याली म्या बगितली न्हाय."

"गाणी?"

"तर! भोंडल्याची, डोहाळ्याची. गळा लई ग्वाड."

लग्नाच्या बारा वर्षांत विष्णुपंतांनी शामलेला गाताना ऐकलं नव्हतं. ते घरात गेले, दार लावून घेतलं आणि कचेरीचे कपडे चढवता चढवता मध्येच थांबले. शर्टाच्या खिशात वही होती. इरम्मावर त्यांना संताप आला; म्हाताऱ्या बाईला काय कळतं, दमा तासातासाला बदलतो, सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. मग त्यांना आठवलं, की आपल्याकडं दुपारचे आकडे नाहीतच. आपण घरी असतानाचेच आहेत. एवढा पक्का हिशोबाचा माणूस, चारी दिशांच्या पंचवीस पंचवीस कैऱ्या बघणारा, आणि बायकोची मोजणी मात्र एकाच बाजूनं, आपल्या बाजूनं करत राहिला. साहेबांनी मारलेला शेरा त्यांना आता दुसऱ्यांदा वाचल्यासारखा वाटला. त्या दिवशी कचेरीत त्यांनी काहीही केलं नाही. घरी येऊन पिठलं केलं, ते करपलं, तसंच खाल्लं. विचारायचं तर तिलाच विचारायला हवं, आणि इतक्या वर्षांत आपण तिला एकदाही विचारलं नाही, सगळ्यांना नुसतं सांगत सुटलो, हे त्यांना करपलेलं पातेलं घासता घासता उमगलं.

शनिवारी कचेरी अर्धीच होती, पण त्यांनी सबंध दिवसाची रजा टाकली आणि सकाळची बस धरली. बार्शीला बस बदलली. परंड्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांना काढून झालेली ज्वारीची रानं होती, धसकटं उन्हात चमकत होती. कुठं एखादं आंब्याचं झाड दिसलं, की त्यांचे डोळे सवयीनं फांद्यांत शिरायचे; ते मुद्दाम मान फिरवून घ्यायचे. काय विचारायचं याची त्यांनी चार वेळा मनात जुळणी केली. परंड्याच्या किल्ल्याची भिंत दिसायला लागली तेव्हा चारही वाक्यं कुठं गेली होती कोण जाणे. भाऊंच्या घरी दुपारची सामसूम होती. भाऊ शाळेत परीक्षेचे पेपर तपासायला गेले होते, वहिनी माहेरी. शामला ओसरीवर पोत्यावर बसून चिंचा फोडत होती. पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग होता. एक पाय लांब केलेला होता.

"अगं बाई, तुम्ही! पत्र नाही, काही नाही," ती उठायला लागली.

"बस तू. काम चालू दे."

तिनं पाणी आणून दिलं आणि पुन्हा बसली. विष्णुपंतही टोपी काढून पोत्याच्या कडेला टेकले. तिचा चेहरा भरला होता. आवाजातली खरखर गेली होती. ती बोलत होती, चिंचा यंदा कशा लागल्या, बालवाडीतली कोण मुलगी काय म्हणाली, आणि विष्णुपंतांची नजर आपसूक तिच्या खांद्यावर गेली. शामला बोलायची थांबली. हातातली चिंच तिनं खाली ठेवली. क्षणभरात तिच्या गळ्यापाशी ती जुनी खळी पडली, श्वास आत जाताना पडायची ती. विष्णुपंतांनी ते डोळ्यांनी बघितलं आणि झटकन मान वळवून समोरच्या भिंतीकडं बघायला लागले.

"परसातला आंबा मोजला मी," भिंतीकडं बघतच ते म्हणाले. "शंभरात एकही काळी नाही. धूर आपल्याकडं कधी येतच नव्हता."

"मला माहीत आहे," शामला म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मी घरात असायचे दिवसभर. मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

ती चिंचोके एका जागी ओढत होती. "तुमची वही मी बघितली होती," ती म्हणाली.

"ते उर्दूत..."

"अहो, आकडे तर कळतात! लहानपणी बार्शीला बैलगाडीनं जायचो आम्ही तेव्हा मैलाचे दगड मोजायचाच खेळ असायचा. निजामाच्या हद्दीत सगळे उर्दू आकडे. ते येत नाहीत अशी बाई तुम्हांला परंड्यात मिळायची नाही." तिला किंचित हसू आलं आणि गेलं. "वर झाडं होती. बासष्ट, सत्तावन्न. खाली मी होते. सकाळी अठ्ठावीस, संध्याकाळी तीस. तारखेवार."

"शामला, मला काळजी वाटायची गं. दुसरं काही नाही."

"काळजीच होती. ते का मला कळत नाही? तुमच्याइतकी माझी काळजी आईनंसुद्धा केली नसेल." तिनं लांब केलेला पाय जवळ ओढला. "पण तुम्ही बघायला लागलात की मला माझा श्वास ऐकू यायचा. ऐकू आला की अडकायचा. मग तुम्ही आणखी बघायचा. तुमच्या सायकलीची घंटा वाजली फाटकाशी की मी आधी श्वास नीट करायला जायचे आणि तिथंच बिघडायचं. झाडाचं बरं असतं, आपल्याला मोजतंय कुणी ते त्याला कळत नाही."

विष्णुपंतांना वाटलं काहीतरी बोलावं, माफी मागावी, वही आत्ता इथं फाडावी. पण डोळ्यांत पाणी आलं तर ते पुसायचं कसं, हीच त्यांना चिंता. ते म्हणाले, "मी नाही बघणार आता. शपथ घेतो. तू चल."

"तुम्ही शपथ घ्याल आणि न बघण्याकडं लक्ष ठेवून बसाल," ती हळूच म्हणाली. त्यात टोचणी नव्हती. त्यांना ती पुरेपूर ओळखत होती, एवढंच. "मला तुमचा राग नाही हो. आठवण येते. स्वयंपाक करताना येते, पोळी भाजताना दुसरी तुमच्यासाठी टाकावी असं होतं. पण इथं मी दिवसभर श्वास घेते आणि मला त्याचा पत्ता नसतो. हे मला सोडवत नाही. तुमचं पत्र आलं तेव्हापासून झोप नाही मला. इथं सगळ्यांना भट्टीचंच ठाऊक आहे. भाऊ तारीख विचारतात, वहिनी माझी ट्रंक माळ्यावरून काढून ठेवतात. भट्टी हलली की मला इथं राहायला कारण उरत नाही. नवऱ्याच्या घरी श्वास येत नाही असं कुणाला सांगू मी?"

विष्णुपंतांनी टोपी हातात घेतली, तिची घडी मोडली, पुन्हा घातली. हे कारण आपणच गावोगाव सांगत हिंडलो होतो. तिनं ते फक्त खोडलं नव्हतं. खोडलं असतं तर आपली शोभा झाली असती आणि तिलाही परतावं लागलं असतं. म्हणजे दोन वर्षं ती त्या धुराच्या आडोशाला राहिली होती, आणि आपण रोज उठून तो धूर घालवायच्या खटपटीला लागलो होतो. त्यांना तिचा हात धरावा असं फार वाटलं. तो चिंचेनं चिकट झाला होता, मांडीवर उलटा पडला होता, त्यांच्यापासून वीतभर.

फाटक वाजलं. भाऊ आले. काखेत पेपरांचा गठ्ठा, कपाळावर घाम. "अरे वा, विष्णुपंत! कधी आलात? आणि चहा नाही का झाला अजून?" त्यांनी गठ्ठा खुंटीखाली ठेवला आणि उपरण्यानं वारा घेत समोर बसले. भाऊ सरळ माणूस, मनात येईल ते ओठांवर. "मग, भट्टी हलते म्हणे तुमची! हिनं सांगितलं पत्रातलं. चांगलं झालं हो. बहीण मला काही जड नाही, पण लोक विचारतात, तुळजापूरची मंडळी विचारतात. आता दिवाळीची तरी कशाला वाट बघता? वैशाखातच घेऊन जा."

शामलेनं मान वर केली नाही. चिंच फोडायचे तिचे हात थांबले होते.

विष्णुपंतांनी उभ्या नोकरीत खोटा आकडा लिहिला नव्हता. एकदा हिंमतरावांनी सुचवून बघितलं होतं, तर त्यांनी तिथं चहासुद्धा घेतला नव्हता. आमराईचा अहवाल होता तसाच जाणार होता, एक्केचाळिसाव्या झाडापुढं शून्यच पडणार होतं. पण तो कागद कचेरीत राहणार होता, परंड्याला येणार नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

"कसलं हो नेतोय, भाऊ," ते म्हणाले. "ही भट्टी हलली तरी मागं दुसरी येणारच. गावाला विटा लागतात. आमच्या परसातला आंबा परवाच बघितला. शंभरात सत्तर कैऱ्या काळ्या. स्वतः मोजल्या मी."

"सत्तर!"

"सत्तर. त्या हवेत हिला नेणं म्हणजे जिवाशी खेळ. दोनचार वर्षं तरी माझं धाडस होणार नाही."

भाऊंनी तोंडानं चक्‌चक् केलं. तुम्ही एवढं खात्यात असून तुमच्याच दाराशी हे, म्हणाले. मग ते बहिणीकडं वळले, "राहा बाई तू. यांनी मोजलंय म्हणजे तसंच असणार." आणि हातपाय धुवायला आत गेले.

शामला उठली. आत जाऊन तिनं चहा टाकला. बाहेर ऐकू येईल इतपत कपबश्यांचा आवाज होत राहिला. विष्णुपंतांनी चहा घेतला, भाऊंशी परीक्षेबद्दल बोलले, पाचच्या बसला निघायचं म्हणून टोपी घातली. सगळा वेळ ते तिच्याकडं बघत नव्हते. फाटकापर्यंत ती पोचवायला आली. इतक्या खेपांत ती ओसरीची पायरी उतरून आलेली नव्हती.

"शनिवारी कचेरी अर्धीच असते ना?" तिनं विचारलं.

"असते."

"मग पुढच्या शनिवारी या. जेवायला या. मी थांबेन."

त्यांनी बरं म्हटलं आणि स्टँडच्या वाटेला लागले. वळणापर्यंत फाटक लागल्याचा आवाज आला नाही.